रात्री साडेअकराची भाकरी

वजनाबद्दल बोलायला आलेली जवळजवळ प्रत्येक बाई पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य म्हणते, "मॅडम, माझा माझ्या तोंडावर ताबाच नाही." पुरुषही म्हणतात, जरा उशिरा. म्हणताना मान खाली जाते, आवाज चोरी कबूल केल्यासारखा होतो. सोलापुरात मी बरीच वर्षं खाण्या-वजनाबद्दल सल्ला देण्याचं काम करते आहे आणि या वाक्याची मला आता चीड येते. बोलणाऱ्यांची नाही, ज्यांनी ते त्यांच्या तोंडी बसवलं त्यांची.

सुनंदाची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय ३८, बँकेत नोकरी, दोन मुलं, घरात सासूबाई. येताना तिने दोनशेपानी वही आणली होती. रोज सकाळचं वजन निळ्या शाईने आणि काही तारखांपुढे लाल शाईने दोनच शब्द, "आज पुन्हा." मी पानं उलटत गेले. आठवड्यातून चार-पाच वेळा, महिनोन्‌महिने, आज पुन्हा.

"पुन्हा म्हणजे काय होतं?"

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सगळे झोपले की साडेअकराला स्वयंपाकघरात जाते. दिवा लावत नाही. दुरडीतली भाकरी, शेंगाची चटणी, डब्यातला लाडू, जे हाताला लागेल ते. उभ्यानेच. चव लागत नाही मॅडम. कुणीतरी आतून ढकलल्यासारखं होतं."

सहा वर्षांत तिने पाच वेळा डाएट केलं होतं. दर वेळी सात-आठ किलो उतरायचे आणि वर्षभरात दहा चढायचे. सध्याचा तक्ता मैत्रिणीकडून आला होता. सकाळी लिंबू-मध-पाणी, नाश्ता नाही, दुपारी दोनला एक भाकरी आणि पालेभाजी, संध्याकाळी सातला सूप. खाली लिहिलं होतं, ११०० कॅलरी. सोमवार आणि गुरुवारचे उपास वेगळे. मुलाच्या डब्यासाठी पहाटे पाचला उठायचं, रात्री झोपायला साडेबारा. घरात सासूबाई म्हणायच्या, "हिला भस्म्या झालाय."

आधी आवश्यक ते विचारून घेतलं. खाल्ल्यावर उलटी काढता का, जुलाबाच्या गोळ्या घेता का, जगावंसं वाटत नाही असं होतं का? तिन्हीचं उत्तर नाही. यातलं एकही 'हो' असतं तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन तपासायला फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं. चालू औषधंही विचारली. ओलान्झापिन, मिर्टाझापिन अशी मानसिक आजारांवरची काही औषधं भूक खरोखर वाढवतात आणि माणूस स्वतःला खादाड म्हणत बसतो. असं औषध चालू असेल तर मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं, बहुतेकदा मार्ग निघतो. सुनंदाला कोणतंच औषध चालू नव्हतं.

मग मी तिच्याच वहीच्या मागच्या पानावर एक डोकं काढलं आणि त्याच्या बुडाशी बदामाएवढा ठिपका. हा हायपोथॅलॅमस. तहान, झोप, शरीराचं तापमान यांच्याबरोबर भुकेचा हिशेबही इथे चालतो. इथल्याच एका भागात पेशींचे दोन गट शेजारी शेजारी असतात. एक म्हणतो 'खा', दुसरा म्हणतो 'पुरे'. कोणाचा आवाज चढायचा, हे शरीराकडून येणाऱ्या निरोपांवर ठरतं. पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, निघतं आणि 'खा'वाल्यांना जागं करतं. अंगातल्या चरबीतून लेप्टिन निघतं. ते सांगतं, कणगीत धान्य आहे, घाबरू नका.

लेप्टिन सापडलं १९९४ मध्ये, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात, जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत. तीनच वर्षांनी केंब्रिजच्या डॉक्टरांनी एका मुलीची नोंद प्रसिद्ध केली. आठ वर्षांची पोर, वजन ८६ किलो. सारखं खायला मागायची. तिच्या अंगात जन्मापासून कामाचं लेप्टिनच तयार होत नव्हतं. मेंदूला कणगी कायम रिकामी दिसत होती. पुढे लेप्टिनची इंजेक्शनं सुरू झाल्यावर काही दिवसांत तिची भूक उतरली आणि वर्षभरात सुमारे १६ किलो वजन कमी झालं. ही मुलगी मला फार जवळची वाटते. तिला कोणी 'तोंडावर ताबा ठेव' म्हटलं असेल का, हा विचार दर वेळी येतो.

सुनंदाचे डोळे चमकले. "म्हणजे मलाही तेच आहे?"

नाही, आणि हे स्पष्ट सांगावं लागतं. तो दोष अतिशय दुर्मीळ आहे. बहुतेक जाड माणसांत लेप्टिन भरपूर असतं, मेंदूच त्याला हवी तशी दाद देत नाही. सुनंदाचं दुखणं वेगळ्या ठिकाणी होतं. खाणं एकदम तोडलं की चरबी जेवढी उतरते त्याच्या मानाने लेप्टिन फार झपाट्याने पडतं, घ्रेलिन चढतं. मेलबर्नमध्ये ५० जणांना १० आठवडे अगदी कमी खाण्यावर ठेवून पुढे वर्षभराने तपासलं, तेव्हाही हे निरोप पूर्वपदावर आलेले नव्हते. भूकही वाढलेलीच होती. पाच वेळा डाएट केलेल्या बाईला हे कुणी सांगितलेलं नसतं. ती पाच वेळा स्वतःलाच दोष देते.

झोपेचंही तसंच. शिकागोत २००४ मध्ये १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं, आणि त्यांना ओढ लागली ती गोड, खारट, पिठूळ पदार्थांची. सुनंदाची झोप जेमतेम साडेचार तास.

आम्ही ठरवलं ते साधं होतं. करायला ते तिला फार जड गेलं. उठल्यापासून दीड तासात नाश्ता. दुपारी दोन भाकरी, उसळ किंवा वरण, ताक. बँकेत पाच वाजता मूठभर फुटाणे-शेंगदाणे. रात्री सगळ्यांबरोबर ताटावर बसून जेवण. उपास तूर्त बंद. डबा आदल्या रात्री नवऱ्याने भरून ठेवायचा, म्हणजे सकाळची पाऊण तास झोप वाढेल. वजनकाटा माळ्यावर.

"सकाळी खाल्लं तर दिवसभर खातच सुटेन," ती म्हणाली. ही भीती खरी असते, हसण्यावारी नेऊ नये. मी म्हटलं, पंधरा दिवस फक्त बघू.

काटा माळ्यावर टाकायला ती तयार होईना. "मधुमेह झाला तर?" तेव्हा तिला दोन डॉक्टरांचा एक फोटो समजावून सांगितला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. रोजच्या काट्याला हे दिसत नाही. मधुमेहाची काळजी असेल तर रक्त तपासा, कंबर मोजा. तिची साखर सीमेच्या आत निघाली. काटा माळ्यावर गेला.

पंधरा दिवसांत लाल शाईच्या नोंदी आठवड्याला पाचावरून दोनावर आल्या. मग एक लग्न आलं. पंगतीत सासूबाई चारचौघींत म्हणाल्या, "आमच्या सुनेला दुसरी जिलबी वाढू नका." त्या रात्री सगळं परत. दुसऱ्या दिवसापासून नाश्ता बंद, उपास सुरू. तीन आठवडे ती आलीच नाही.

आली तेव्हा मी विचारलं, सासूबाईंना एकदा आणाल का? मला वाटलं होतं त्या यायच्या नाहीत. आल्या. नऊवारी, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी चटणीची बरणी. बसल्या बसल्या म्हणाल्या, "हिला समजवा. दिवसा उपाशी ऱ्हाती आन् रातचं चोरून खाती. कुणाला दाखवती उपास?"

मी त्यांना समजवायला गेले नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटातला प्रयोग सांगितला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेने अर्धपोटी राहिले. सहा महिने रोज साधारण १५७० कॅलरी. पुरुषांना ते थोडंच, पण सुनंदाच्या तक्त्यापेक्षा जास्तच. वजन पावपट उतरलं. डोक्यात दुसरं काही उरलं नाही. ताटं चाटायचे, पाककृतींची पुस्तकं जमवायचे, बोलणं फक्त अन्नाचं. प्रयोग संपल्यावर पोट तुडुंब भरलं तरी कित्येकांची भूक महिनोन्‌महिने भागेना.

काकू ऐकता ऐकता खिडकीकडे बघायला लागल्या. मग सावकाश म्हणाल्या, "बाहत्तरच्या दुष्काळात मी तेरा वर्सांची. आईसंगं खडी फोडायला जायचे. सुकडी मिळायची. मिलोची, म्हंजी परदेशातनं आलेल्या लाल जोंधळ्याची, भाकरी घशाखाली उतरायची न्हाई, तरी खायचो. आन् रातच्याला सपनात ज्वारीची भाकरी यायची, टम्म फुगल्याली." थोडं थांबून, "आजबी माजी दुरडी मी रिकामी ठिवत न्हाई."

खोलीत कोणी बोललं नाही.

"मग हिलाबी तसंच व्हतंय का?"

"हो काकू. घरात सगळं असताना होतंय. मेंदूला उपाशीपण तेवढं कळतं, त्याचं कारण कळत नाही."

सुनंदा रडत होती. काकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही, तसल्या त्या नाहीत. पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली आणि म्हणाल्या, "उद्यापासनं सकाळचं मी करते. धपाटं खाल्ल्याबिगर हापिसला जायचं न्हाई."

त्या धपाट्याने जे झालं ते माझ्या तासभराच्या बोलण्याने झालं नसतं, हे मी मनापासून मानते. घरातला माणूस पहारा सोडून ताट वाढायला लागला की लपण्याचं कारण जातं. लपून, घाईने, स्वतःला शिव्या देत खाताना पोट भरल्याचा निरोप पोहोचायलाही उसंत मिळत नाही.

मधे एकदा तिने वजनाच्या इंजेक्शनांचं विचारलं. सेमाग्लुटाइडसारखी ही औषधं आतड्यातल्या एका संप्रेरकाची नक्कल करतात आणि मेंदूतली भूक शांत करतात. काही जणांना त्यांची खरी गरज असते, त्यात कमीपणा काहीच नाही. पण एका मोठ्या अभ्यासात औषध थांबवल्यावर उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश वर्षभरात परत आलं होतं. म्हणून ते डॉक्टरांशी नीट बोलूनच ठरवावं. सुनंदाच्या डॉक्टरांनी तूर्त नको म्हटलं.

दहा महिन्यांनी काटा एकदा खाली काढला. तीन किलो कमी. तिला अजून कमी हवं होतं आणि ती निराश झाली, हेही सांगायला हवं. दुकानातल्या आरशासमोर तिला अजून बरं वाटत नाही. त्यावर आमचं काम चालू आहे. पण लाल शाई महिन्यातून एखाद्या वेळेवर आली आहे, आणि झोप सहा तासांवर.

गेल्या महिन्यात मार्चअखेरीच्या कामात तिचं रात्रीचं जेवण राहून गेलं. साडेअकराला मला तिचा निरोप आला, "भूक लागली होती. दिवा लावला, ताट घेतलं, बसून दीड भाकरी खाल्ली. आई उठून आल्या. चटणीवर तेल घालून गेल्या."