कंपोज अप केलं की सर्व्हर लागत नाही? आधी आयपीची रेंज बघा

तुम्ही लिहिलंय की साखर कारखान्याच्या ऊस नोंदीचा प्रकल्प एकाच रेपोत (कोडच्या एकाच साठ्यात) आहे: रिॲक्टचा फ्रंटएंड (पडद्यावर दिसणारा भाग), फास्टएपीआयचा बॅकएंड (सर्व्हरवर मागं चालणारा भाग) आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस. लॅपटॉपवर सगळं चालतं. डॉकर हे प्रत्येक भाग वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन; कंपोज असे डबे एकदम सुरू (अप) किंवा बंद (डाउन) करतं. कारखान्याच्या सर्व्हरवर डॉकर कंपोज अप केलं की शेतकी विभागातल्या पीसीवरून पिंगसुद्धा (मशीन पोचतंय का ते बघायची साधी हाक) जात नाही, एसएसएचही (दुरून सर्व्हरवर काम करायची जोडणी) तुटतं. सर्व्हर रूममधल्या पीसीवर मात्र व्यवस्थित उघडतं, आणि कंपोज डाउन केलं की सगळीकडं पुन्हा सुरळीत. हेच दुखणं आम्ही लातूरला असताना भोगलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डॉकरफाईल, फोल्डरची मांडणी यावर बोलत नाही, ते तुमचं ठीक दिसतंय. एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि सीओआरएस (ब्राउझरचे परवानगीचे नियम) यांनाही हात लावू नका. पिंगच जात नाही म्हणजे बिघाड तुमच्या कोडपर्यंत पोचण्याआधीच आहे.

डॉकर बसवला की सर्व्हरवर १७२.१७.०.०/१६ हे त्याचं स्वतःचं नेटवर्क तयार होतं (तिरक्या रेघेपुढचा आकडा रेंज केवढी ते सांगतो, आकडा लहान तर रेंज मोठी). कंपोज प्रत्येक प्रकल्पासाठी आणखी एक बनवतं, बहुतेक वेळा १७२.१८.०.०/१६ पासून पुढं. ही सगळी १७२.१६.०.०/१२ या खासगी रेंजमधली, आणि मोठ्या संस्थांचे नेटवर्कवालेही याच रेंजचे तुकडे विभागांना वाटतात. समजा शेतकी विभागातला पीसी १७२.१८.५.२० वर आहे. त्याची विनंती सर्व्हरपर्यंत पोचते, पण उत्तर पाठवताना सर्व्हर ते गेटवेकडं (दुसऱ्या नेटवर्ककडं जायच्या दाराकडं) न देता डॉकरच्या ब्रिजमध्ये (कंटेनर जोडणाऱ्या सर्व्हरमधल्या आभासी नेटवर्कमध्ये) टाकतो. पिंपळगाव नावाची दोन गावं असली की पत्र भलत्याच पिंपळगावला जातं, तसं. सर्व्हर रूममधला पीसी सर्व्हरच्याच सबनेटमध्ये (नेटवर्कच्या त्याच तुकड्यात) असणार, म्हणून त्याला झळ लागत नाही. सर्व्हरच्या रूटिंग टेबलात (कुठला आयपी कुठल्या वाटेनं, त्या यादीत) दिसणारी रेंज डॉकर टाळतो, पण शेतकी विभाग गेटवेच्या पलीकडं असल्यानं त्याची तिथं वेगळी नोंदच नसते.

खात्री करायला कंटेनर चालू असताना सर्व्हरवर ‘आयपी राऊट गेट’ आणि पुढं शेतकी विभागाच्या पीसीचा आयपी, एवढी कमांड द्या. उत्तरात ‘डेव्ह’ च्या पुढं ‘बीआर’ आणि आडवी रेघ अशी सुरुवात असलेलं नाव आलं तर निदान पक्कं. नेटवर्क कार्डाचं नाव आलं तर कारण दुसरं आहे, मग फायरवॉलकडं वळा.

आमचं खरं नुकसान केलं ते एका कार्यालयाच्या संगणक विभागानं. पहिल्याच भेटीत आम्ही विचारलं होतं, कुठल्या विभागाला कोणती रेंज दिलीय. उत्तर: ‘ते सांगता येत नाही, पत्र द्या.’ पत्र दिलं तर ते वरच्या कार्यालयात गेलं आणि तिथंच राहिलं. दरम्यान रोज एकच वाक्य ऐकायचो, ‘आमचं नेटवर्क बरोबर चालायलंय, तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये काहीतरी आहे.’ आमचं बिल अडकलं, ‘कंटेनर काढून टाका’ असा तोंडी हुकूम आला, आणि काम करणाऱ्या पोरांवर बिनकामाचे म्हणून शिक्का बसला. माहिती एका कागदावर मावेल एवढी होती. आयपीची यादी चव्हाट्यावर लावा असं कुणी म्हणत नाही, पण ज्याला सर्व्हरवर काम दिलंय त्याला ती न देणं ही सुरक्षा नव्हे, ही अडवणूक आहे. मला याचा अजून राग येतो. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या छोट्या टीमच्या शब्दाला आधीच वजन कमी असतं, त्यात हे. म्हणून तुम्ही तोंडी वाद घालू नका. वरच्या कमांडचं उत्तर छापून ईमेलला जोडा आणि वापरातल्या सगळ्या रेंज लेखी मागा.

उपाय दोन ठिकाणी करा. सर्व्हरवर ईटीसीखालच्या डॉकर फोल्डरात डेमनची (डॉकरच्या मागं चालणाऱ्या सेवेची) जेसन फाईल असते, नसेल तर तयार करा. तिच्यात ‘डिफॉल्ट ॲड्रेस पूल्स’ (डॉकरनं कुठल्या रेंजमधून नेटवर्क बनवायची ते) द्या, उदाहरणार्थ बेस १०.२०१.०.०/१६ आणि साईज २४. पण कारखान्यात १०.२०१ कुणी वापरत नाही हे आधी विचारा, नाहीतर तोच घोळ नव्या आकड्यानं होईल. नुसता डॉकर रीस्टार्ट करून भागत नाही. जुनं नेटवर्क जुनीच रेंज धरून बसतं, म्हणून कंपोज डाउन करून पुन्हा अप करा. व्हॉल्यूम (डेटा साठवायची जागा) पुसणारा ‘व्ही’ चा पर्याय डाउनला चुकूनही लावू नका, पोस्टग्रेसचा डेटा जाईल.

दुसरं, कंपोजच्या फाईलमध्ये नेटवर्कचा सबनेट स्पष्ट लिहा आणि तो आकडा एन्व्ह फाईलमधून (सेटिंगच्या वेगळ्या फाईलमधून) घ्या. माझ्या मते एका रेपोचा खरा फायदा हाच. उद्या सर्व्हर बदलला, तुम्ही दुसरीकडं गेलात, तरी ही गोष्ट कोडसोबत जाते. काहींना हे अनावश्यक वाटतं, मला नाही वाटत.

जाता जाता, तुमच्या फाईलमध्ये पोस्टग्रेसचा ५४३२ पोर्ट उघडा दिसतोय. यूएफडब्ल्यूमध्ये (लिनक्सच्या फायरवॉलमध्ये) बंद केला म्हणून निश्चिंत राहू नका, डॉकरनं उघडलेले पोर्ट त्याला वळसा घालून जातात. बॅकएंड सर्व्हिसच्या नावानं डेटाबेसला जोडला जातोच, ती पोर्टची ओळ काढून टाका.

मी नेटवर्क इंजिनियर नाही, त्यामुळं कारखान्यातल्या जाणकाराला एकदा दाखवून घ्या. बदलाच्या आधी बॅकअप घ्या, आणि डॉकर रीस्टार्ट करताना सगळे कंटेनर थांबतात, तेव्हा वजनकाट्यावर गाड्या नसतील अशी वेळ शेतकी विभागाला विचारूनच ठरवा.