वाचकांचे प्रश्न : बल्बसॉर की चारमँडर?

प्रश्न : सुटीसाठी बेळगावची माझी भाची आणि तिचा धाकटा भाऊ खानापूरला आमच्याकडे आले आहेत. दोघांत ‘पोकेमॉन फायररेड’ हा एकच व्हिडिओ गेम आहे. त्यात पोकेमॉन नावाचे प्राणी लढवायचे असतात आणि सुरुवातीला तिघांपैकी एक निवडायचा असतो. भाचीला गवत प्रकारचा बल्बसॉर हवा, भाच्याला आगीचा चारमँडर. निवड कोणाची योग्य, यावर कुंद्याची पैज लागली असून निवाडा माझ्यावर सोपवला आहे. मी काय सांगावे?
— एक मामा, खानापूर

उत्तर : या गेममध्ये एकाच खेळाची नोंद राहते, दुसऱ्याने नव्याने सुरुवात करून खेळ सेव्ह केला की पहिल्याचा पुसला जातो. भांडणाचे मूळ बहुधा तेच असावे.

कुंदा भाचीला द्यावा. पहिल्या जिमचा (गेममधल्या लढतीच्या आखाड्याचा) प्रमुख ब्रॉक याचे जिओड्यूड आणि ऑनिक्स हे दोन्ही पोकेमॉन एकाच वेळी खडक आणि जमीन या प्रकारांचे असल्यामुळे गवताच्या हल्ल्याचा त्यांच्यावर चौपट परिणाम होतो, आणि बल्बसॉर १० व्या लेव्हललाच ‘व्हाइन व्हिप’ हा गवताचा हल्ला शिकतो. दुसऱ्या जिममध्ये मिस्टीच्या पाण्याच्या पोकेमॉनपुढेही गवताचेच पारडे जड राहते. पुढच्या जिमचे प्रमुख सब्रीना (मानसशक्ती) आणि ब्लेन (आग) यांच्यासमोर मात्र त्याचा निभाव लागणे कठीण, पण तोवर संघात इतर पोकेमॉन आलेले असतात.

चारमँडरची आग खडकावर निम्मीच लागते. १९९६ च्या मूळ गेममध्ये त्याची सुरुवात म्हणूनच खडतर होती. २००४ च्या फायररेडमध्ये त्याला १३ व्या लेव्हलला ‘मेटल क्लॉ’ हा खडकावर चालणारा पोलादी हल्ला मिळतो, तेवढाच आधार. भाच्याचे लक्ष अर्थात ३६ व्या लेव्हलला रूपांतर होऊन बनणाऱ्या पंखवाल्या चारिझार्डवर असणार. ती हौस मी समजू शकतो, मात्र पंख फुटल्यावर खडकाचा मार त्याला चौपट बसतो, हेही त्याला सांगावे. शिवाय आपण बल्बसॉर घेतला की गेममधला प्रतिस्पर्धी हटकून चारमँडर घेतो, त्यामुळे भाच्याचा लाडका शत्रू म्हणून का होईना, शेवटच्या लढतीपर्यंत भेटत राहील. (माझी स्वतःची पसंती तिसऱ्या पर्यायाला, म्हणजे पाण्याच्या स्क्वर्टलला, त्याचे नाव दोघांनीही काढू नये याचे नवल वाटते.)

भाच्याला चारमँडर स्वतःच्याच संघात हवा असेल, तर फायररेड किंवा त्याचा जोडगेम लीफग्रीन असलेला आणि चारमँडर सोडायला तयार असलेला दुसरा खेळाडू शोधून अदलाबदल करावी लागेल. त्यासाठी दोन यंत्रे आणि ती जोडणारी केबल किंवा वायरलेस जोडणी लागते.