पाण्यातला डाय काढायला सर्वांत चांगलं नॅनोमटेरियल कोणतं? (एमएस्सी प्रोजेक्टसाठी हवंय, ९९ टक्के रिमूव्हल मिळायला हवं)

सर्वांत चांगलं असं काही नसतं, डाय कोणता यावर सगळं आहे. मिथिलीन ब्लू धन प्रभाराचा, म्हणून ग्राफीन ऑक्साइडला पटकन चिकटतो. काँगो रेड ऋण प्रभाराचा, त्याला कायटोसानचा लेप दिलेलं मटेरियल बरं. पीएच बदलला की गणित बदलतं. हे तुम्हाला पुस्तकात मिळेल.

मला बोलायचंय ते तुमच्या ९९ टक्क्यांबद्दल.

पीएचडी करताना आमच्या लॅबमध्ये एका सीनियरच्या मटेरियलचा फार बोलबाला होता. मिथिलीन ब्लूच्या द्रावणात पावडर घालून ढवळायचं, सिरिंज फिल्टरमधून गाळायचं आणि ६६४ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं, म्हणजे पाण्यात रंग किती उरला ते कळतं. गाळलेलं पाणी अगदी स्वच्छ. माझं लक्ष मात्र कचऱ्यात टाकलेल्या फिल्टरकडे गेलं. आतली पांढरी चकती गर्द निळी झाली होती. पावडर अडकली म्हणावं, तर पावडर काळी होती! मी मटेरियल अजिबात न घालता नुसतं द्रावण तसल्याच कोऱ्या फिल्टरमधून गाळलं. पहिले थेंब जवळजवळ बिनरंगी आले. म्हणजे डाय फिल्टरच खात होता.

सरांना दाखवलं तर म्हणाले, "अगं, सगळे असंच गाळतात. पेपर पाठवायची वेळ आलीय, आता नवीन काही काढू नकोस." मी सेंट्रिफ्यूज करून पुन्हा मोजलं, आकडा बराच खाली आला. त्यावर उत्तर मिळालं की हा तुझ्या हाताचा फरक. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. मटेरियल वाईट नव्हतंच, मोजणं चुकत होतं, आणि ते सुधारायला एक दुपार पुरली असती.

म्हणून ब्लँक लावाच, म्हणजे मटेरियल न घालता तेच द्रावण तसंच गाळून मोजा. मिथिलीन ब्लू काचेलाही चिकटतो, क्युव्हेट (रीडिंगसाठी द्रावण भरायची छोटी पेटी) नीट धुवा. द्रावण दाट असेल तर त्याचे रेणू जोडीने राहतात, ६१० नॅनोमीटरच्या आसपास मुख्य शिखराला खांद्यासारखा फुगवटा दिसतो आणि कॅलिब्रेशनची रेषा वाकते, तेव्हा पातळ करूनच रीडिंग घ्या. स्यूडो-सेकंड-ऑर्डर (डाय किती वेगाने चिकटतो ते मांडणारं गणिती मॉडेल) च्या सरळ रेषेवरही भाळू नका. त्या आलेखात वेळ दोन्ही अक्षांवर असते, रेषा किती जुळते ते सांगणारा R² ०.९९ येणारच. तेवढ्यावर 'रासायनिक बंध सिद्ध झाला' असं लिहिणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं.

कापड रंगवण्याच्या सांडपाण्यावर काम करायचं असेल तर द्रावणात मीठ घालून बघा. रिॲक्टिव्ह डायच्या बाथमध्ये लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ असतं. ते प्रभारांची ओढ झाकून टाकतं, आणि डिस्टिल्ड वॉटरमधली क्षमता तिथे टिकेलच असं नाही.

आणखी एक, अधिशोषणाने, म्हणजे पृष्ठभागाला चिकटल्याने, डाय नष्ट होत नाही, नुसती जागा बदलतो. अल्कोहोलने किंवा आम्लाने मटेरियल धुतलंत की तो त्या द्रवात उतरतो, त्याचं काय करणार ते लिहा. मॅग्नेटाइट (चुंबकीय लोह ऑक्साइड) चुंबकाने झटकन वेगळं होतं, पण तीव्र आम्लात त्याचं लोह विरघळतं. आणि शेजारी साधा ॲक्टिव्हेटेड कार्बन ठेवून तुलना करा, कधीकधी तोच सरस ठरतो.

गाइड 'ब्लँकची गरज नाही' म्हणाले तरी करा आणि थीसिसच्या मुख्य तक्त्यात पहिल्याच ओळीत टाका. परिशिष्टात नको, तिथलं कोणी वाचत नाही.