किरकोळ अपघातामुळे विमा रद्द होतो का?
दादरच्या सिग्नलवर आपल्या २१ वर्षांच्या मुलाकडून टॅक्सीला बंपर घासला, तर कंपनी गाडीचा विमा रद्द करील का, असे आपण विचारले आहे. केवळ तेवढ्यावरून नाही. २०२४ च्या नियमांनुसार फसवणूक सिद्ध झाली तरच, आणि किमान ७ दिवसांची नोटीस देऊन, कंपनीला पॉलिसी रद्द करता येते. खरा फटका नो क्लेम बोनसला, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीला बसतो, कारण पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत चढलेली सवलत एका दाव्याने शून्यावर येते. म्हणून गॅरेजवाल्याचे एस्टिमेट चार-पाच हजारांचे असेल, तर ते खिशातून भरणे मला शहाणपणाचे वाटते. मुलावर चिडून आपणच पॉलिसी रद्द करू नये. थर्ड पार्टी विम्याशिवाय, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीची भरपाई देणाऱ्या विम्याशिवाय, गाडी बाहेर काढल्यास पहिल्या खेपेलाच २००० रुपये दंड होऊ शकतो.