तुलूजच्या मंडईत शाकाहारी माणसाने काय घ्यावं, काय खावं?

प्रश्न : ताई, नवरा विमान कंपनीत आहे म्हणून आम्ही पुण्याहून फ्रान्समधल्या तुलूजला आलोय. मी शाकाहारी, फ्रेंच जेमतेम. मंडईत टोमॅटो हातात घेऊन बघत होते तर भाजीवाला एकदम ओरडल्यासारखं बोलला, तेव्हापासून सुपरमार्केटमध्येच जाते आणि रोज पास्ता नाहीतर वरणभात. बाहेर काय चालेल तेही कळत नाही. आई येतेय, साजूक तूप आणि कढीपत्ता आणते म्हणते, आणू दे का?

उत्तर : अगं, तो तुझ्यावर चिडला नसणार. तिकडे बऱ्याच स्टॉलवर गिऱ्हाईकाने मालाला हात लावायचा नसतो, निवडून तोच देतो. आधी बोंजूर म्हणायचं, मग काय हवं ते बोटाने दाखवायचं, एवढ्यावर काम होतं. उन्हाळ्यात खरबूज घेशील तेव्हा बघ, आज खायचंय की उद्या असं विचारतो आणि मग एकेक उचलून, देठाशी वास घेऊन त्या हिशोबाने काढून देतो. मला तर हे आपल्या निवडण्यापेक्षा बरं वाटतं. फक्त दर आठवड्याला एकाच स्टॉलवर जा, चेहरा ओळखीचा झाला की तो स्वतःहून सांगायला लागतो आज काय चांगलं आलंय.

सुरुवात व्हिक्टर ह्युगो मार्केटपासून नको, तिथे मांस, बदक, मासे यांचीच दुकानं जास्त, तुला पहिल्याच दिवशी नको होईल. बुलवार द स्त्रासबूर या रस्त्यावर क्रिस्ताल मार्केट भरतं तिथे जा, भाजी-फळांचे स्टॉल भरपूर. सोमवार सोडून सकाळी असतं, दुपारी आवरतात. रविवारी सँतोबाँ चर्चच्या भोवती मोठा बाजार भरतो, तिथे ‘प्रोद्युक्तर’ अशी पाटी दिसली तर माल त्याच्याच शेतातला समजायचा. कोथिंबीर, पुदिना, बेसन वगैरे आर्नो-बेर्नार भागात अरब दुकानांत मिळतं.

आणि आता महत्त्वाचं. वसंतात ‘ओझेय’ नावाची पालेभाजी येते, लांबट हिरवी पानं. एक पान चावून बघ, आपल्या आंबट चुक्याचीच बहीण आहे ती! तूरडाळ, शेंगदाणे, चिमूटभर गूळ घालून पातळ भाजी कर आणि वरून लसणाची खमंग फोडणी दे. लसूण लोत्रेकचा घे, तुलूजच्या पूर्वेला पिकतो, पाकळीचं साल गुलाबी असतं, 1966 पासून त्याला लेबल रूज हा दर्जाचा शिक्का आहे. जुड्या बांधून विकतात, कोरड्या जागी टांगून ठेवला की खूप दिवस टिकतो.

बाहेर खाताना मात्र जपून. कासुले म्हणजे पांढऱ्या घेवड्याची उसळ वाटेल पण त्यात बदक आणि सॉसेज असतं. तळलेले बटाटेसुद्धा त्या भागात बऱ्याचदा बदकाच्या चरबीत करतात, ‘ग्रेस द कानार’ आहे का विचारायचं. सॅलडमध्ये बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, त्यांना लारदाँ म्हणतात. चीजचं तू किती पाळतेस त्यावर आहे, रोकफोर, काँते अशी नावाजलेली चीजं वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. श्रीखंड करायचं असेल तर साधं ‘याऊर्त’ म्हणजे दही घेऊन फडक्यात टांग, फ्रोमाज ब्लाँ म्हणजे दह्यासारखं दिसणारं मऊ ताजं चीज, ते नको, त्यात रेनेट असू शकतं.

आईला तूप आणू देऊ नकोस, बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ युरोपात आणायला बंदी आहे, कस्टमवाले काढून घेतात. ओला कढीपत्ताही सरकारी रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय चालत नाही. बिनमिठाचं लोणी ‘बर दू’ म्हणून मिळतं, मंद आचेवर कढव, घरी तूप सुरेख होतं. आईला म्हणावं गोडा मसाला आण, तो तुला तिथे सहजासहजी मिळायचा नाही.