पडवीतल्या बिया कुणाच्या?

प्रश्न : आमचं घर आंबोली घाटाच्या पायथ्याला. मे महिन्यात रोज सकाळी पडवीत सूपभर केर निघतो : बकुळीच्या बिया, चघळून टाकलेले चोथे. शिवाय गडग्यावरच्या (दगडी कुंपणावरच्या) सपाट धोंड्यावर जांभळाच्या बियांचा ढीग, कुणी मांडून ठेवल्यासारखा. सासूबाई म्हणतात माकडं. आमचे हे म्हणतात वटवाघळं; निपाचा आजार होईल, हाकलून लावू. काय करावं?

उत्तर : ताई, सासूबाई चुकल्या, पण हे त्यांना तुम्हीच सांगा. माकडं दिवसा येतात आणि आल्याचं अख्ख्या वाडीला कळतं.

पडवीतला केर फळं खाणाऱ्या लहान वटवाघळाचा. ते फळाच्या झाडावर बसून जेवत नाही, कारण तिथे घुबड टपलेलं असू शकतं. फळ तोडायचं, तोंडात धरून आडोशाला न्यायचं, वाशाला उलटं लटकून चघळायचं, रस गिळायचा, चोथा थुंकायचा. बकुळीची बी त्याला गिळवत नाही, ती खाली पडते. वडा-उंबराच्या बारीक बिया मात्र पोटात जातात आणि अर्ध्याएक तासात कुठेतरी उडता उडता बाहेर पडतात.

कुडाळला भाड्याच्या घरात असताना मी एकदा वाशाखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं. सकाळी ४१ बिया. ३८ बकुळीच्या, एक देशी बदाम आणि दोन उंडीच्या. घरमालकीणबाईंनी उंडीच्या लगेच उचलल्या, ‘उंडेलाला होतील’ म्हणून. दोन बियांत कसलं तेल! पण आमच्या आळीत उंडीचं झाडच नव्हतं, म्हणजे त्या कुठूनतरी लांबून आलेल्या.

गडग्यावरचा ढीग उदमांजराचा. ते जांभूळ बीसकट गिळतं, गर पचवतं आणि उघड्यावरचा दगड किंवा आडवा ओंडका बघून तिथे शी करायला बसतं. भेरलीमाडाची (माडासारख्या एका रानझाडाची) फळंही खातं, ज्यांचा रस हाताला लागला तर आपण तासभर खाजवत बसतो. धोंड्यावर बी रुजणार नाही हे खरंच. पाऊस ती खाली ढकलील तेव्हा बघू. पण आईच्या झाडाखाली, किडीच्या आणि सावलीच्या तावडीत पडण्यापेक्षा तिची गत बरी. आंबोलीच्या सदाहरित रानातल्या कितीतरी झाडांना वाऱ्यावर उडणारी बी नाहीच. त्यांना कुणीतरी खाऊन न्यावंच लागतं.

आता निपा. तुमच्या यजमानांची भीती हवेतली नाही. २०१८ मध्ये केरळात कोझिकोडला निपाने माणसं दगावली आणि २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला या विषाणूच्या खुणा मिळाल्या. म्हणून कुरतडलेलं फळ पोरांना खाऊ देऊ नका, अगदी धुऊनसुद्धा. केर कोरडा झाडू नका. तोंडाला फडकं बांधून, पाणी शिंपडून गोळा करा, मग हात साबणाने धुवा. वटवाघळाला हात लावायचा नाही. हाकलून काही साधत नाही, ती शेजारच्या पडवीत जातील आणि शेजारीण तुमच्याशी बोलायची बंद होईल. वाशाखाली गोणपाट टाका, रोजचा केर त्यातच जमेल.

बकुळीच्या बिया हातमोजे घालून धुवा आणि ताज्या असतानाच मातीच्या पिशव्यांत लावा. आणि एखाद्या सकाळी उंडीची निघाली तर मला नक्की कळवा. कुडाळचं ते झाड मला अजून सापडलेलं नाही.