टेकडीचं पाणी, सोसायटीची भिंत: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची सोसायटी पुण्यात टेकडीच्या पायथ्याशी आहे. जोराच्या पावसात मागच्या ३ मीटर उंच संरक्षक भिंतीवरून माती-मुरूम पार्किंगमध्ये येतो. भिंत मधोमध किंचित फुगल्यासारखी दिसते. उंची वाढवावी का?

उत्तर : नाही, उंची अजिबात वाढवू नका. आधी भिंतीमागचं पाणी काढा. माती काठोकाठ भिजली, तर ३ मीटर भिंतीच्या दर मीटर लांबीवर नुसत्या पाण्याचाच रेटा सुमारे साडेचार टन येतो, मातीचा वेगळा. हा रेटा कमी ठेवायला वीप होल असतात, म्हणजे पाणी बाहेर पडायला भिंतीतून आरपार ठेवलेली भोकं: ७५ ते १०० मिमीचे पाइप, साधारण दीड मीटर अंतरावर, बाहेरच्या बाजूला उतरते. भर पावसातही ते कोरडे असतील तर बहुधा बुजलेत. बांधताना मागे खडी आणि जिओटेक्स्टाइलचा (पाणी जाऊ देणारं, पण माती अडवणारं कापड) थर घातला नाही की माती थेट पाइपात शिरते. रंगकाम किंवा प्लास्टर करताना तोंडं लिंपली जातात, हेही नेहमीचंच. सळई आणि पाण्याने ती मोकळी करा. नवी भोकं मात्र इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पाडू नका.

फुगवट्याची तपासणी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लगेच करून घ्या. तोवर ओळंबा लावून दर आठवड्याला माप घ्या, भेगेच्या टोकाला खूण करून तारीख लिहा. भिंतीलगत गाड्या लावू नका, कुणाला झोपू देऊ नका, मजुरांच्या शेड तर मुळीच नकोत. कोंढव्यात २९ जून २०१९ ला मध्यरात्रीनंतर अशीच भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जण गेले.

आता वरचं पाणी. समजा, २००० चौरस मीटर उतारावर तासाला १०० मिमीच्या वेगाने पाऊस पडतोय आणि त्यातलं ६० टक्के पाणी वाहून येतंय. म्हणजे सेकंदाला ३३ लिटर. त्यासाठी भिंतीच्या माथ्यामागे ३०० × ३०० मिमीचा काँक्रीटचा गटार, १०० ला १ उतार, पुरेसा आहे. थोडा गाळ साचला तरी निभावतो. गटार आणि भिंत यांच्यातली फट बुजवलीच पाहिजे, नाहीतर गटाराचं पाणी भिंतीमागेच मुरेल. उतार तीव्र असेल तिथे गटाराला पायऱ्या द्या. प्रत्येक वळणावर गाळकुंडी हवी, तळ बाहेर जाणाऱ्या पाइपापेक्षा किमान ३० सेंमी खोल. मेअखेरीस आणि पावसाळ्यात दर मोठ्या सरीनंतर ती उपसा.

माती धरायला जागामालकाच्या परवानगीने वाळा लावा. समपातळीच्या ओळी, रोपं १० ते १५ सेंमीवर, जूनचा पाऊस स्थिरावला की लगेच. विरळ लावला तर पाणी फटींतून घळ पाडतं. समतल चर टेकडीवर चांगले, पण भिंतीच्या अगदी वर खणू नका. मुरलेलं पाणी भिंतीमागेच येतं.

प्रश्न : गच्चीचं पाणी शोषखड्ड्यात सोडावं, की ड्रेनेजच्या चेंबरमध्ये?

उत्तर : ड्रेनेजमध्ये कधीच नाही, जोराच्या पावसात मैलापाणी तळमजल्याच्या मोरीतून वर येतं. २०० चौरस मीटर गच्चीवर ६० मिमी पाऊस पडला तर सुमारे १२,००० लिटर पाणी येतं. मुरमाड जमिनीत शोषखड्डा चालतो, काळ्या मातीत पाणी मुरत नाही. आधी खड्डा पाण्याने भरून किती तासांत ओसरतो ते पाहा. पाया आणि संरक्षक भिंत यांच्यापासून तो लांब ठेवा, आधी जाळी व गाळकुंडी द्या, जादा पाण्याचा पाइप पावसाळी गटारात सोडा.